मानवी यकृतपेशींचा उंदीर: औषध यकृताला बाधतं का, हे तपासायची पद्धत

१९९३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतली एक चाचणी तडकाफडकी थांबवावी लागली. हेपटायटिस-बीवरचं फायल्युरिडीन हे औषध १५ रुग्णांना दिलं जात होतं, दिवसाला किलोमागे ०.१ किंवा ०.२५ मिलिग्रॅम इतक्या लहान डोसात. त्यातल्या ७ जणांचं यकृत निकामी झालं. ५ जण गेले, आणि २ जण यकृत बदललं म्हणून वाचले. माणसाला देण्याआधी हे औषध प्राण्यांना देऊन पाहिलं होतं. त्यांच्या यकृताने इशारा दिला नव्हता.

कारण नंतर उलगडलं. ईएनटी-१ नावाचा एक वाहक हे औषध पेशीत ओढून घेतो. माणसात तो मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरही बसतो, उंदरात तिथे बसत नाही. त्यामुळे माणसाच्या पेशीत औषध थेट मायटोकॉन्ड्रियात शिरतं, तिथल्या डीएनएत गुंफलं जातं आणि पेशीचा ऊर्जापुरवठा हळूहळू बंद पाडतं. उंदराची पेशी त्याच औषधात आरामात जगते.

२०१४ साली स्टॅनफर्डच्या गटाने हेच औषध मानवी यकृतपेशी वाढवलेल्या उंदरांना दिलं. दिवसाला किलोमागे ४०० मि.ग्रॅ. दिल्यावर चार दिवसांत यकृत कोलमडलं आणि रक्तात लॅक्टेट (पेशीला नीट ऊर्जा बनवता येत नसल्याची खूण) साचलं. १००, २५ आणि २.५ मि.ग्रॅ. चौदा दिवस दिल्यावर डोसाच्या प्रमाणात इजा दिसली. साध्या उंदरांना त्याच डोसांनी काही झालं नाही. मेद साचला तो मानवी पेशींच्या भागात, शेजारच्या उंदराच्या पेशींत नाही.

या उंदराचं यकृत दोन प्रजातींच्या ठिगळांचं असतं. म्हणून प्रत्येक आकड्याला आणि प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारायचा: हे उत्तर कुणाच्या पेशीने दिलं? खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाचं उत्तर हाती राहावं म्हणून आहेत.

आधी प्रश्न, मग उंदीर

‘ह्युमनाइज्ड’ या शब्दाखाली दोन वेगळे प्राणी येतात. एकात उंदराचं एखादं जनुक काढून त्या जागी माणसाचं जनुक बसवलेलं असतं, यकृत मात्र पूर्ण उंदराचंच राहतं. दुसऱ्यात यकृतातल्या पेशीच माणसाच्या असतात. प्रश्न एका जनुकाचा असेल तर पहिला प्रकार स्वस्त, सोपा आणि स्वच्छ. आपल्याकडचं उत्तम उदाहरण क्षयरोगाच्या औषधांचं. रिफाम्पिसिन माणसातल्या पीएक्सआर या ग्राहकाला (पेशीतलं संकेत ओळखणारं प्रथिन) जोरात चेतवतं, उंदराच्या पीएक्सआरला जेमतेम. म्हणून साध्या उंदरात आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन एकत्र देऊन माणसातली कावीळ नीट उमटत नाही. २०१३ मध्ये मानवी पीएक्सआर बसवलेल्या उंदरांत ही जोडी दिली तेव्हा यकृतात प्रोटोपॉर्फिरिन (हीम बनतानाचा मधला घटक, साचला तर यकृताला बाधतो) साचलेलं सापडलं. असा प्रयोग करणार असाल तर नमुने काळोखात हाताळा, प्रोटोपॉर्फिरिन उजेडात टिकत नाही.

औषध मानवी पेशीत कसं मोडतं, त्याचा कोणता घटक विषारी ठरतो हेच ठाऊक नसेल, तर मात्र मानवी पेशींचं यकृत लागतं. त्यासाठी उंदरांच्या तीन जाती चालतात.

यूपीए/स्किड ही सर्वात जुनी. यकृतात यूरोकायनेज हे एन्झाइम तयार होऊन उंदराच्या पेशी जन्मापासूनच मरत असतात, म्हणून रोपण दोन-चार आठवड्यांच्या पिल्लांतच करावं लागतं. रक्तस्रावाचा धोका मोठा, आणि यूरोकायनेजचं जनुक गळून पडलेल्या पेशी पुन्हा जोमाने वाढून मानवी पेशींची जागा खातात.

टीके-नॉग ही जपानमधल्या कावासाकीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूटची, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली जात. हिच्या यकृतपेशींत हर्पिस विषाणूचं थायमिडीन कायनेज असतं, त्यामुळे गॅनसायक्लोव्हिर टोचलं की त्याच पेशी मरतात. नर नापीक निघतात, म्हणून पैदाशीचा हिशेब माद्यांवर करावा लागतो. एक खाच इथे लक्षात ठेवा: न्यूक्लिओसाइड जातीची (डीएनएच्या घटकांसारखी घडण असलेली) कित्येक औषधं, फायल्युरिडीनसुद्धा, हे हर्पिसचं कायनेज स्वतःच चेतवतं. म्हणजे उरलेल्या उंदराच्या पेशी माणसाशी काही संबंध नसलेल्या कारणाने मरू शकतात. स्टॅनफर्डच्या प्रयोगात रोपण न केलेले टीके-नॉग उंदीर सुखरूप राहिले, म्हणूनच तो निष्कर्ष उभा राहिला. तो गट नसता तर सगळा अभ्यास वाया गेला असता.

एफआरजी ही २००७ ची, ओरेगॉनमधल्या प्रयोगशाळेतून आलेली जात. पुढची पद्धत आम्ही हिच्यावरच सांगतो, कारण यकृताची इजा कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची हे इथे आपल्या हातात असतं. हिच्यात तीन जनुकं बंद आहेत. रॅग-२ आणि आयएल-२-आरजी बंद म्हणून परकी पेशी नाकारायला प्रतिकारशक्ती नाही. एफएएच बंद म्हणून टायरोसिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) मोडताना विषारी घटक साचतो आणि यकृतपेशी मरते. निटिसिनोन, म्हणजे लॅबच्या भाषेत एनटीबीसी, हे विष तयार होण्याच्या आधीची पायरी अडवतं. टायरोसिनेमियाच्या, म्हणजे जन्मतः एफएएच काम करत नसलेल्या, मुलांना दिलं जातं तेच हे औषध. पाण्यात एनटीबीसी आहे तोवर उंदीर ठणठणीत. काढलं की त्याच्या पेशी मरू लागतात आणि एफएएच असलेल्या मानवी पेशींना वाढायला जागा मिळते.

कागदपत्रं

भारतात हे करायचं तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे फॉर्म-बी, जनुकबदल केलेले उंदीर आणि अ‍ॅडेनोव्हायरस यांसाठी जैवसुरक्षा समिती, मानवी पेशींसाठी मानवी संशोधनाची नैतिकता समिती, आणि उंदीर-पेशी बाहेरून येत असतील तर आयातीचे परवाने लागतात. तिन्ही समित्यांकडे एकाच महिन्यात अर्ज टाका. एकीच्या मंजुरीची वाट बघत दुसरीकडे जाणारे सहा महिने गमावतात. मार्च २०२३ च्या नियमदुरुस्तीनंतर पेशींवर आधारित पद्धतींनाही औषधचाचणीत वाट मिळाली आहे. त्यामुळे ‘भांड्यात वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यांवर (स्फेरॉइड) हे का होत नाही?’ असा प्रश्न समिती विचारणारच, आणि तो रास्त आहे. दोन आठवडे रोजचा डोस, आतड्यातून शोषण, रक्तातून फिरणारे चयापचयी घटक आणि पित्ताचा प्रवाह हे सगळं एकत्र लागत असेल तरच उंदीर मागा.

मानवी पेशी

गोठवलेल्या यकृतपेशी विकत घेताना ‘प्लेटेबल’ दर्जाच्याच घ्या, म्हणजे भांड्याला चिकटून जगू शकणाऱ्या. नुसत्या ‘सस्पेन्शन’ दर्जाच्या पेशी चयापचयाच्या चाचणीला चालतात, रुजत नाहीत. लहान वयाच्या दात्याच्या पेशी सहसा चांगल्या वाढतात. हेपटायटिस-बी, सी आणि एचआयव्हीचे अहवाल लॉटसोबत (एका दात्याच्या कुप्यांचा संच) मागा, आणि औषधं मोडणाऱ्या सीवायपी-२डी६, २सी९, नॅट-२ या एन्झाइमांचे जनुकप्रकारही. नॅट-२ आयसोनियाझिड मोडतं, कुणात जलद, कुणात मंद. आयसोनियाझिड तपासायचं आणि दाता जलद अ‍ॅसिटिलेटर निघाला, तर मंद अ‍ॅसिटिलेटर माणसाचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. एका दात्यावर केलेला अभ्यास हा एका माणसावरचा अभ्यास असतो, मग उंदीर कितीही वापरा. किमान तीन दाते हवेत.

प्रत्येक लॉटची आधी चार-पाच उंदरांत चाचणी घ्या. कागदावर ९० टक्के जिवंत दिसणारा लॉट उंदरात अजिबात न रुजणं नेहमीचं आहे. रुजणारा लॉट सापडला की संपूर्ण अभ्यासाच्या कुप्या एकदम राखून ठेवा.

कुपी वितळवणं हे दोन मिनिटांचं काम, आणि निम्म्या अपयशांचं मूळ इथेच. द्रव नायट्रोजनमधून काढलेली कुपी थेट ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये धरा, झाकण पाण्याच्या वर. हलके गोल फिरवत राहा. दीड मिनिटाच्या आसपास आत तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरतो. त्या क्षणी बाहेर काढा. पूर्ण वितळायची वाट पाहिली तर डीएमएसओ (गोठवताना घातलेलं रसायन) पेशींना मारायला लागतो. लगेच कोमट थॉइंग माध्यमात ओता, आणि ओतताना नळी तिरकी धरा म्हणजे पेशी भिंतीवरून घरंगळत जातील. मग १०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १०० पट जोर) वर ८ ते १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. यकृतपेशी मोठ्या आणि नाजूक असतात. बाकीच्या पेशींच्या सवयीने ३०० जी लावलं की तळाशी फक्त चोथा मिळतो. वरचा द्रव ओतून टाका, तळाची गोळी पिपेटने फोडू नका, थंड माध्यम घालून नळी हाताने हलवा. ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) मोजा. ८० टक्क्यांच्या खाली जिवंत असतील तर त्या कुपीतून रोपण करू नका. मेलेल्या पेशींचा डीएनए चिकट असतो आणि त्याच्या गाठी यकृताच्या शिरा तुंबवतात. ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, १०० मायक्रोलिटरमध्ये १० लाख जिवंत पेशी असं प्रमाण करा, बर्फावर ठेवा आणि तासाभरात वापरून टाका. पेशी तळाला बसतात, म्हणून प्रत्येक सिरिंज भरण्याआधी नळी उलटी-सुलटी करायची. हे विसरलं की पहिल्या उंदराला निव्वळ पाणी आणि शेवटच्याला दुप्पट डोस जातो. एका कुपीतून साधारण चार उंदीर धरा.

रोपण

रोपणाच्या २४ ते ४८ तास आधी यूरोकायनेज बनवणारा अ‍ॅडेनोव्हायरस शिरेतून द्या. तो यकृतातली वीण सैल करतो आणि नव्या पेशींना शिरायला वाट मिळते. उंदरामागे १ ते ५ अब्ज संसर्गक्षम कण ही नेहमीची कक्षा आहे, पण प्रत्येक बॅचचा जोर वेगळा. नवी बॅच आली की तीन डोस लावून दुसऱ्या दिवशीचा एएलटी (यकृतपेशी मेल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) पाहा, आणि उंदीर दगावत नाहीत असा सर्वात वरचा डोस ठरवा.

शस्त्रक्रिया लहान आहे. आयसोफ्लुरेनची भूल, अंगाखाली गरम पॅड, आधी ब्युप्रेनॉर्फिन किलोमागे ०.०५ ते ०.१ मि.ग्रॅ. वेदनेसाठी पॅरासिटामॉल या अभ्यासात कुठेही नको. डाव्या कुशीवर एक सेंटिमीटरची चीर द्या, प्लीहा अलगद बाहेर घ्या, खालच्या टोकात २७ गेजची सुई सरकवा आणि १०० मायक्रोलिटर ३० ते ६० सेकंदांत सोडा. नीट गेलं तर प्लीहा किंचित फिकी पडते आणि पुन्हा लाल होते. फुगून तशीच राहिली तर सुई आवरणाखाली आहे. सुई काढल्यावर छिद्रावर टाका बांधा किंवा क्लिप लावा, नाहीतर पेशी पोटात गळतात. दहा लाखांच्या वर पेशी टाकायचा मोह टाळा. पोर्टल शीर तुंबते आणि उंदीर टेबलावरच जातो. टाकलेल्या पेशींपैकी थोड्याच यकृतात टिकतात, बाकीची वाढ पुढच्या आठवड्यांत होते.

वाट पाहण्याचे आठवडे

रोपणापर्यंत पाण्यात एनटीबीसी लिटरला १६ मि.ग्रॅ. असतं. मूळ पद्धतीत रोपणानंतर ते १.६, मग ०.८, मग ०.४ असं दोन-दोन दिवसांनी उतरवत आठवड्याने पूर्ण बंद केलं होतं. पुढे घड्याळ नको, वजनकाटा पाहा. वजन १५ टक्के उतरलं की लिटरला ८ मि.ग्रॅ. एनटीबीसी तीन दिवस द्या, सावरू द्या, पुन्हा काढा. सुरुवातीला ही चक्रं लवकर लवकर येतात. मानवी पेशींनी भार उचलला की उंदीर तीन-चार आठवडे एनटीबीसीशिवाय वजन टिकवतो. हा बदल दिसला की रोपण लागलं असं समजा. वजन रोज, एकाच वेळेला करा. शनिवार-रविवारी न केलेली वजनं सोमवारी मेलेले उंदीर दाखवतात.

एनटीबीसी बंद असताना पाण्यात ३ टक्के डेक्स्ट्रोज आणि सल्फामेथॉक्साझोल-ट्रायमेथोप्रिम घालतात, कारण प्रतिकारशक्ती नसलेला, यकृत खचलेला उंदीर साध्या जंतूनेही जातो. पिंजरे स्वतंत्र हवेशीर, खाद्य-भुसा-पाणी निर्जंतुक, आणि खोलीत सेंटिनेल उंदीर (संसर्ग आलाय का हे तपासायला ठेवलेले). उंदरांचा हेपटायटिस विषाणू किंवा हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस वसाहतीत घुसला तर यकृताचा कोणताही निकाल विश्वासाचा राहत नाही.

इथे एक सापळा आहे. हे प्रतिजैविक स्वतः यकृताला बाधू शकतं. शिवाय ट्रायमेथोप्रिम सीवायपी-२सी८ ला अडवतं, आणि सल्फामेथॉक्साझोल व एनटीबीसी दोन्ही २सी९ ला. तुमचं औषध या वाटांनी मोडत असेल तर पाण्यातल्या या गोष्टींमुळे रक्तातली पातळी खोटी वर जाईल. डोस सुरू होण्याच्या किमान एक आठवडा आधी दोन्ही थांबवा आणि सगळ्या गटांत एकाच दिवशी थांबवा.

मानवी अल्ब्युमिन: पात्रतेची परीक्षा

चौथ्या आठवड्यापासून दर दोन-चार आठवड्यांनी शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन मानवी अल्ब्युमिन (यकृतपेशी बनवून रक्तात सोडते ते प्रथिन) एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजायची चाचणी) मोजा. एफआरजीत मिलिलिटरला ४ मि.ग्रॅ.च्या वर गेलं की यकृताचा ७० टक्क्यांहून अधिक भाग मानवी असतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. तो दात्यानुसार हलतो, म्हणून प्रत्येक दात्याचे काही उंदीर स्लाइडवर मोजून आपला आलेख बनवा. पातळी स्थिरावायला आठ ते सोळा आठवडे लागतात.

एलायझात घोळ होतो तो पातळ करण्यात. ४ मि.ग्रॅ. म्हणजे ४० लाख नॅनोग्रॅम. किटची कक्षा ४०० नॅनोग्रॅमच्या आत असते, तेव्हा सीरम ५०,००० पट पातळ करून ८० नॅनोग्रॅमवर आणावं लागतं. हे दोन टप्प्यांत करा आणि प्रत्येक नमुना दोन वेगळ्या प्रमाणांत लावा. कमी पातळ केलेला नमुना काही किटांत ‘हूक’ होतो, म्हणजे प्रथिन इतकं जास्त की वाचन उलट खाली येतं. उत्तम उंदीर नापास ठरून बाद होतो तो असा. आणि अल्ब्युमिन भरपूर पण उंदीर अशक्त असेल तर शवविच्छेदनात प्लीहा तपासा. काही मानवी पेशी तिथेच वस्ती करतात आणि तिथूनच अल्ब्युमिन सोडतात.

गट आणि डोस

नवी लॅब असेल तर पहिला अभ्यास ज्याचं उत्तर ठाऊक आहे त्याच औषधाचा करा. फायल्युरिडीन त्यासाठी सर्वात चांगलं. वाहक-द्रव (औषध न घातलेला नुसता द्रव), फायल्युरिडीन २.५, २५ आणि १०० मि.ग्रॅ., आणि सोफोसबुव्हिर ४४० मि.ग्रॅ. असे मानवी पेशींच्या उंदरांचे पाच गट, सगळे १४ दिवस. सोफोसबुव्हिर त्याच कुळातलं पण माणसात यकृताला सुरक्षित ठरलेलं औषध, आणि याच डोसात त्याने या उंदरांनाही इजा केली नव्हती. सुरक्षित औषधाला निर्दोष सोडता आलं नाही तर विषारी औषध पकडण्याला किंमत नाही. ४०० मि.ग्रॅ.चा गट पुन्हा करू नका. त्यातून नवं काही कळत नाही आणि प्राण्यांचे हाल होतात.

२.५ हा आकडा लक्ष देण्याजोगा आहे. माणसाच्या डोसाला शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने सुमारे १२.३ ने गुणलं की उंदराचा डोस मिळतो. ०.२५ चे होतात जवळपास ३ मि.ग्रॅ. म्हणजे सर्वात खालचा गट रुग्णांच्या डोसाच्या अगदी शेजारी आहे. नव्या औषधाला मात्र या गुणाकारावर विसंबू नका. आधी तीन-चार उंदरांत रक्तातली पातळी मोजा आणि डोस माणसातल्या पातळीशी जुळवा.

सहावा-सातवा गट सर्वात जास्त वेळा वगळला जातो आणि नेमका तोच गरजेचा: ज्यांच्यात माणसाऐवजी साध्या उंदराच्या यकृतपेशी रोपल्या आहेत असे एफआरजी, एक वाहक-द्रवावर आणि एक १०० मि.ग्रॅ.वर. रोपण न केलेला एफआरजी एनटीबीसीशिवाय जगत नाही. त्याला तुलनेला घेतलं तर एका गटाला एनटीबीसी आणि दुसऱ्याला नाही असा फरक आत शिरतो. उंदराच्याच पेशी रोपल्या की शस्त्रक्रिया, विषाणू, चक्रं सगळं सारखं, फक्त पेशीची प्रजात वेगळी.

गटात तीन दात्यांचे प्रत्येकी तीन, असे नऊ. पाच गटांना ४५ पात्र उंदीर लागतात. मधली मर आणि कमी अल्ब्युमिनवाले वगळून ते हाती यायला ७० ते ९० रोपणं धरा, म्हणजे १८ ते २३ कुप्या. गट पाडताना आधी दाता, मग अल्ब्युमिन, मग लिंग पाहा आणि त्या कप्प्यांत चिठ्ठ्या टाका.

औषध ०.५ टक्के मिथाइलसेल्युलोजमध्ये, किलोमागे १० मि.ली.पर्यंत, तोंडावाटे सुईने. मक्याचं तेल नको. मेद साचतो का हेच पाहायचं असताना रोज तेल पाजणं चुकीचं.

रक्त

२५ ग्रॅमच्या उंदरात सुमारे १.८ मि.ली. रक्त. पंधरवड्यात त्याचा दहावा भाग, म्हणजे १८० मायक्रोलिटर, एवढंच घेता येतं. चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी ४०-४० मायक्रोलिटर घेतलं की कोटा संपत आला. त्यात एएलटी, बिलिरुबिन, लॅक्टेट आणि मानवी अल्ब्युमिन बसवायचं.

एएलटीची गंमत नीट समजून घ्या. निरोगी उंदरात तो ३०-५० असतो. इथे उरलेल्या एफएएच नसलेल्या पेशी रोज थोड्या मरत असतात, म्हणून औषधाआधीच काहीशे निघू शकतो. आठवड्याच्या अंतराने दोन आधारभूत वाचनं घ्या आणि ज्याची दोन वाचनं दुपटीने वेगळी येतील तो उंदीर अभ्यासात घेऊ नका. दुसरं, साधी एएलटी चाचणी माणूस-उंदीर भेद करत नाही. मायआर-१२२ (यकृतपेशीतून रक्तात येणारा छोटा आरएनए) ही करत नाही, कारण त्याचा क्रम दोघांत एकच आहे. पॅरासिटामॉलचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा: उंदराच्या पेशी त्याला जास्त हळव्या, त्यामुळे अशा मिश्र यकृतात उंदराचा भाग मरतो आणि मानवी भाग बराचसा उभा राहतो. रक्तात एएलटी उसळलेला दिसतो आणि माणसाची पेशी मात्र ठीक. म्हणून मानवी एएलटी-१ ओळखणारी एलायझा लावा, आणि मानवी अल्ब्युमिन उतरतंय का ते सोबत पाहा.

लॅक्टेट उंदीर धडपडला की वाढतं. हातात धरल्यापासून दोन मिनिटांत थेंब घ्या आणि लगेच मीटरवर लावा. हिमोलिसिस झालेल्या, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या, नमुन्याचा एएसटी (एएलटीच्या जोडीने मोजतात ते एन्झाइम) वापरू नका. वजन २० टक्के उतरलं, पंजे-शेपूट पिवळी पडली, उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन बसला, की वेदनारहित मृत्यू द्या आणि त्याच तासाला ऊती घ्या. रात्री पिंजऱ्यात मेलेल्या उंदराचं यकृत सकाळपर्यंत कुजतं आणि त्याच्याकडून काहीच कळत नाही.

यकृत आणि स्लाइड

यकृताचं वजन करा. साध्या उंदरात ते शरीराच्या सुमारे ५ टक्के, इथे त्याहून बरंच जास्त निघतं. हा औषधाचा परिणाम नव्हे. उंदराच्या आतड्यातून येणारा एफजीएफ-१५ हा संदेश मानवी पेशीला ऐकू येत नाही, म्हणून ती पित्ताम्लं बनवणं आणि वाढणं वेळेत थांबवत नाही. पित्त अडवणाऱ्या औषधांचा अभ्यास करताना हे आधीच वाढलेलं पित्ताम्ल हिशेबात धरावंच लागतं.

रोपण सगळ्या खंडांत सारखं नसतं, म्हणून प्रत्येक खंडातून तुकडा घ्या. एक १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये २४ तास. एक गोठवून, कारण पॅराफिनच्या प्रक्रियेत मेद विरघळून जातो आणि ऑइल रेड ओ या मेद रंगवणाऱ्या रंगासाठी गोठवलेलाच काप लागतो. एक मिलिमीटरचे कण ग्लुटाराल्डिहाइडमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. बाकी नायट्रोजनमध्ये.

एचअँडई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या) स्लाइडवर सीमा नुसत्या डोळ्यांनी दिसते. मानवी पेशी मोठ्या, फिकट, फेसाळ, आणि त्यांच्या बेटांभोवती उंदराच्या लहान, गडद गुलाबी पेशींच्या रांगा. पण त्या फेसात औषध न दिलेल्या उंदरातही मेद असतो. उंदराचं वाढसंप्रेरक मानवी ग्राहकाला बसत नाही, त्यामुळे मानवी पेशी मूळचीच मेद साठवते. म्हणून ‘मेद आहे’ एवढा शेरा निरुपयोगी. थेंब मोठे आणि मोजके, की केंद्रकाभोवती बारीक बारीक असंख्य? फायल्युरिडीनची खूण दुसरी. वाहक-द्रवाच्या गटाशी ताडून, गट न सांगता, दोन वाचकांकडून गुण द्यायला लावा.

एफआरजीत एक मोठी सोय आहे: एफएएच विरुद्धची अँटिबॉडी लावली की जे रंगलं ते मानवी, कारण एफआरजीच्या स्वतःच्या पेशीत ते प्रथिनच नाही. शेजारच्याच कापावर ग्लुटामिन सिंथेटेज (मध्यशिरेभोवतीच्या पेशींतलं एन्झाइम) रंगवून मध्यशीर कुठे आहे ते पक्कं करा. उंदराच्या पेशी रोपलेल्या गटात एफएएच रोपलेल्या उंदीर-पेशीही रंगवतं, तिथे गोंधळू नका. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रजात ओळखणं कठीण, तेव्हा तो कण ज्या तुकड्यातून घेतला त्याची एफएएच स्लाइड आधी बघून सलग मानवी भागच पाठवा. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मोजताना प्राइमर (मोजायचा डीएनए पकडणारे छोटे तुकडे) फक्त मानवी क्रमाला बसणारे हवेत. शुद्ध उंदराच्या यकृताच्या डीएनएवर ते चालवून पाहा, काहीही उमटलं तर प्राइमर बदला. आरएनएच्या कामातही तेच, विशेषतः जीएपीडीएचसारख्या, दोन्ही प्रजातींत जवळपास सारख्याच दिसणाऱ्या जनुकांत.

हा उंदीर काय दाखवू शकत नाही

यकृतपेशी माणसाच्या असल्या तरी कुफर पेशी (यकृतातल्या रोगप्रतिकारक पेशी), रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि पित्तनलिका उंदराच्याच राहतात. आतडंही उंदराचंच, त्यामुळे तोंडावाटे दिलेलं औषध यकृताला पोचायच्या आधी उंदराच्या एन्झाइमांतून जातं. आणि प्रतिकारशक्ती नाही, म्हणजे तिच्यामुळे होणारी इजा इथे उमटणं शक्यच नाही. फ्लुक्लॉक्सासिलिन या प्रतिजैविकाची, एचएलए-बी*५७:०१ या प्रतिकारशक्तीच्या जनुकप्रकाराशी जोडलेली कावीळ या उंदरात दिसणार नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत स्वयंप्रतिकारासारखी यकृतइजा नोंदवली. ते कोडं सोडवायला गुळवेलीचा अर्क या उंदराला पाजला आणि एएलटी वाढला नाही, तर त्यावरून गुळवेल सुरक्षित असा निष्कर्ष काढणं ही घोडचूक ठरेल. अहवालात अशा वेळी ‘यकृतपेशीवर थेट विषपरिणाम या डोसाला आढळला नाही’ एवढंच लिहा, आणि त्याच ओळीत दात्यांची संख्या, प्रत्येक उंदराचा मानवी पेशींचा टक्का आणि रक्तातली औषधाची पातळी द्या.